पहिल्या नजरेचा ठसा

आमच्या घरी कोंबडी खुडूक झाली की मायची लगबग सुरू व्हायची. चुलीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टोपली, टोपलीत राख, वर वाळलेले गवत आणि त्यावर निवडून ठेवलेली अंडी. एकविसाव्या दिवशी टोपलीतून चिवचिव ऐकू यायची. यावल तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे आमचे गाव. त्या काळी, म्हणजे १९७० चे दशक संपता संपता, सायकलच्या कॅरिअरला जाळीची पेटी बांधून पिल्लेवाला गावात येऊ लागला होता. ही पिल्ले मशीनची. मायला ती फारशी आवडत नसत, पण स्वस्त मिळत म्हणून ती घेई. घेताना तिचा एक नियम असे. पिल्ले आणली त्याच रात्री, अंधार पडल्यावर, खुडूक कोंबडीच्या पंखाखाली एकेक करून सरकवायची. "आज रातीच सरकव. चार दिवसांनी टाकशील तर ना ती यांची, ना हे तिचे," ती म्हणायची.

दहा वर्षांचा असताना मी हा नियम मोडला. आठ पिल्ले मी खोक्यात घालून, वर दिवा लावून, माझ्या खाटेजवळ ठेवली. ती माझ्या पायामागे अंगणभर पळायची आणि त्याचा मला मोठा अभिमान वाटायचा. पाचव्या दिवशी शाळा सुरू झाली, तेव्हा मी ती कोंबडीखाली सोडली. कोंबडीने चोची मारल्या. पिल्लेही तिच्याकडे ढुंकून पाहीनात. मी दिसलो की माझ्याकडे धावत, नसलो की उघड्यावर उभी राहून ओरडत. दोन घारीने नेली, तीन मांजराने, उरलेली एका पावसात गारठून गेली. माय रागावली नाही. एवढेच म्हणाली, "सांगितलं होतं ना भाऊ."

त्या चार दिवसांत पिल्लांच्या डोक्यात काय घडले होते, हा प्रश्न माझ्या मनात राहून गेला. मी शास्त्राचा पदवीधर नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रे चाळण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि शोधाची सवय लागली ती तिथेच. कोंबडीच्या पिल्लाचा इतिहासाशी काय संबंध, असे स्नेही विचारतात. माझे उत्तर असे, की कागदावर नोंद राहते तशी मेंदूतही राहते. ही नोंद कुठे होते, कोणत्या रसायनांनी होते आणि ती पुसता येते का, याचा शोध माणसाने दीडशे वर्षे घेतला आहे. त्या शोधाचाही एक इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या देशातून जातो.

छपरे घालणारा संशोधक

कथेची सुरुवात डग्लस स्पाल्डिंग नावाच्या माणसापासून होते. त्याचा जन्म १८४१ चा. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन शहरात तो छपरांवर पाटीच्या दगडाचे पत्रे बसवण्याचे काम करी. शिक्षण असे नव्हतेच. अलेक्झांडर बेन या तत्त्वज्ञाच्या खटपटीने त्याला विद्यापीठातली व्याख्याने विनामूल्य ऐकण्याची मुभा मिळाली. पुढे लंडनमध्ये कायदा शिकता शिकता क्षयाने गाठले. हवापालटासाठी फिरताना फ्रान्समध्ये जॉन स्टुअर्ट मिलशी ओळख झाली आणि मिलच्या ओळखीतून लॉर्ड अ‍ॅम्बर्ली यांच्या घरी मुलाचा शिक्षक म्हणून त्याला काम मिळाले. बर्ट्रांड रसेल हा त्याच घरातला धाकटा मुलगा.

स्पाल्डिंगने एक साधा प्रश्न विचारला. पिल्लू जगाकडे पाहते ते अनुभवाने शिकून, की काही शिकून घेऊनच ते अंड्यातून येते? अंड्याला तडा जाताच, पिल्लाने डोळे उघडण्याआधी, तो त्याच्या डोक्यावर लहानशी टोपी चढवी. घोड्याला झापड लावतात तशी. एक ते तीन दिवसांनी टोपी काढली की पिल्लू काही मिनिटांत किड्यावर अचूक चोच मारी. म्हणजे अंतर ओळखण्याचे ज्ञान त्याने शिकून मिळवलेले नव्हते.

याहून मोलाची गोष्ट त्याला जाता जाता दिसली. दोन-तीन दिवसांच्या पिल्लांची टोपी काढली तर ती समोरच्या हलत्या वस्तूमागे, म्हणजे खुद्द स्पाल्डिंगमागे, धावू लागत. जवळजवळ चार दिवस टोपीत ठेवलेली पिल्ले मात्र त्याला पाहताच घाबरून पळाली आणि खिडकीच्या काचेवर जाऊन आदळली. जग दोघांनीही पाहिलेले नव्हते. फरक एका दिवसाचा. या एका दिवसात पिल्लाच्या आत काहीतरी आपोआप बदलते, असे त्याने मांडले. १८७२ मध्ये ब्रायटनच्या विज्ञानसभेत त्याने हा निबंध वाचला, १८७३ मध्ये तो छापून आला, आणि १८७७ मध्ये हा छपरे घालणारा संशोधक क्षयाने वारला. त्याचे नाव जवळपास पुसले गेले.

ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेंत्सने १९३५ मध्ये याच घटनेवर मोठा प्रबंध लिहिला आणि तिला 'ठसा उमटणे' या अर्थाचे नाव दिले. लोरेंत्सच्या मागे चालणाऱ्या हंसपिल्लांची छायाचित्रे जगभर पोचली आणि १९७३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९५० च्या दशकात शिकागोच्या एकहार्ड हेसने बदकाच्या पिल्लांवर तासांचा हिशेब मांडला. जन्मानंतर १३ ते १६ तासांच्या सुमारास ठसा सर्वांत पक्का उमटतो, असे त्याला आढळले. मायचे 'आज रातीच' हेच सांगत होते. फक्त तिच्याकडे घड्याळ नव्हते.

हॅल्डेन, स्परवे आणि माळटिटवी

स्पाल्डिंगला विस्मृतीतून बाहेर काढले ते जे. बी. एस. हॅल्डेन यांनी. १९५४ मध्ये प्राण्यांच्या वर्तनावरच्या एका ब्रिटिश नियतकालिकात त्यांनी तो जुना निबंध स्वतःच्या प्रस्तावनेसह पुन्हा छापवला. तीनच वर्षांनी, १९५७ मध्ये, हॅल्डेन आणि त्यांच्या पत्नी हेलन स्परवे इंग्लंड सोडून भारतात आले. आधी कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, पुढे भुवनेश्वर. १९६४ मध्ये हॅल्डेन यांचे निधन झाले ते भुवनेश्वरलाच.

स्परवे यांनी भारतात येण्याआधीच, १९५५ मध्ये, लोरेंत्सच्या कल्पना आणि रानटी प्राणी माणसाळण्याची कारणे यांची सांगड घालणारा निबंध लिहिला होता. भारतात या दांपत्याबरोबर सुरेश जयकर हे तरुण संशोधक काम करू लागले. हॅल्डेन-जयकर हे जोडनाव आनुवंशिकीच्या गणितात आजही घेतले जाते. त्याच जयकरांनी स्परवे यांच्याबरोबर माळटिटवीच्या विणीचा अभ्यास केला आणि १९६० च्या दशकात त्यांचे लेख मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आले. हा पक्षी उन्हाळ्यात, करपलेल्या माळावर, जमिनीवरच अंडी घालतो.

टिटवी आपल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या ओळखीची. तिने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस चांगला आणि खोलगटात घातली की कमी, हा आडाखा खानदेशात मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने टिटवीचे महत्त्व वेगळे आहे. तिचे पिल्लू अंड्यातून निघते ते डोळे उघडे ठेवून, अंगावर लव घेऊन. थोड्याच तासांत ते आईमागे चालते आणि आईने इशारा देताच ढेकळात ढेकूळ होऊन बसते. बहिणाबाई चौधरींनी ज्या सुगरणीच्या खोप्यावर कविता रचली, तिची गोष्ट अगदी उलटी. तिची पिल्ले उघडी, आंधळी, खोप्यात झुलत घास मागणारी. त्यांना आई ओळखून तिच्यामागे धावायची घाई नाही, कारण धावायला पायच धड नाहीत. कोंबडी, टिटवी, बदक यांच्या पिल्लांना मात्र पहिल्याच दिवशी ठरवावे लागते, की कोणामागे जायचे. चुकले तर घार वर आहेच.

म्हणूनच मेंदूत स्मृती कशी साठते याचा शोध घेणाऱ्यांना कोंबडीचे पिल्लू सापडले. त्याचा मेंदू कोरा असतो, पहिला धडा एकच असतो आणि तो केव्हा दिला हे संशोधकाच्या हातात असते.

डाव्या बाजूची लहानशी जागा

१९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये गॅब्रिएल हॉर्न, पॅट्रिक बेटसन आणि स्टीव्हन रोझ या तिघांनी काम सुरू केले. पिल्लांना अंधारात जन्मू द्यायचे, मग एखादी लुकलुकणारी किंवा फिरणारी वस्तू दाखवायची आणि मेंदूत काय बदलते ते मोजायचे. पण नुसत्या उजेडानेही मेंदू जागा होतो, धावल्यानेही होतो. बदल शिकण्याचाच हे ठरवायचे कसे?

त्यांनी युक्ती केली. पक्ष्यांत डाव्या डोळ्याची शीर पूर्णपणे उजव्या मेंदूकडे जाते आणि उजव्याची डाव्याकडे. दोन अर्धांना जोडणारा एक दुवा कापून आणि एक डोळा झाकून पिल्लाला धडा दिला, तर एकाच डोक्यात एक अर्ध शिकलेले आणि दुसरे न शिकलेले मिळते. धावणे, दमणे, घाबरणे दोन्हीकडे सारखेच. किरणोत्सारी खूण केलेले युरॅसिल वापरून त्यांनी पाहिले, तेव्हा शिकलेल्या अर्धाच्या वरच्या भागात आरएनए बनवण्याचे काम जास्त चाललेले आढळले. पुढे शोध आवळत आवळत मेंदूच्या वरच्या भागातल्या एका लहान पट्ट्यापाशी येऊन थांबला. त्याला आज आयएमएम म्हणतात. हा पट्टा दोन्ही बाजूंनी काढला तर पिल्लू ठसा घेऊ शकत नाही आणि आधी घेतलेला ठसाही हरवते.

आता रसायनांकडे येऊ. दोन चेतापेशींमध्ये सूक्ष्म फट असते. निरोप एका पेशीच्या टोकापर्यंत विजेच्या रूपाने येतो आणि फट ओलांडताना रसायनाचे रूप घेतो. हे रसायन म्हणजे चेतापारेषक. पलीकडच्या पेशीवर त्याच्यासाठी ग्राहक असतात, कुलपाला किल्ली बसावी तसे. ग्लुटामेट पलीकडच्या पेशीला उठवते. गाबा तिला शांत करते.

१९८८ मध्ये ब्रायन मॅकेब आणि हॉर्न यांनी दाखवले, की ठसा उमटलेल्या पिल्लांच्या डाव्या आयएमएममध्ये ग्लुटामेटच्या एका खास प्रकारच्या ग्राहकांची, एनएमडीए ग्राहकांची, संख्या वाढलेली असते. उजव्या बाजूला तशी वाढ नाही. हा ग्राहक दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या तरच उघडतो: किल्ली बसायला हवी आणि पेशी आधीच थोडी जागी असायला हवी. 'हे आणि ते एकत्र आले' याची नोंद घेणारा हा जणू कारकूनच. आणि ही वाढ लगेच होत नाही, काही तासांनी दिसते. म्हणजे ठसा हा शिक्का मारल्यासारखा क्षणात पडत नाही. शाई वाळायला वेळ लागतो.

२००१ मध्ये मॅकेब, हॉर्न आणि केंड्रिक यांनी आणखी एक गोष्ट मोजली. पिल्लाला ठशाची वस्तू जितकी जास्त पसंत, तितके त्याच्या डाव्या आयएमएमच्या कापातून गाबा आणि टॉरिन जास्त सुटत होते. गाबा तर शांत करणारे. मग शिकण्यात त्याचे काय काम? मला याचा अर्थ असा लागतो: आठवण म्हणजे काही पेशी जाग्या होणे, तसेच बाकीच्या गप्प बसणे. बाजारात सगळेच ओरडू लागले तर ओळखीची हाक ऐकू येत नाही.

हे नजरेपुरतेच नाही. जर्मनीत कातारिना ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात जाग्या पिल्लाच्या मेंदूत केसासारखी नळी बसवून पाहिले. ज्या आवाजाचा ठसा उमटला होता तो ऐकताच मेंदूच्या पुढच्या एका भागात ग्लुटामेट वाढत होते. पिल्लू ओळख देते तेव्हा त्याच्या डोक्यातले रसायनही बदलते, हे इथे मोजमापाने दिसले.

लाल खोके आणि रानकोंबडी

केंब्रिजच्या प्रयोगांतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पुढचा आहे. पिल्लांना दाखवायला दोन वस्तू होत्या: एक फिरणारे लाल खोके आणि एक पेंढा भरलेली रानकोंबडी. दोन्हींचा ठसा उमटे. पण नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे चेतापारेषक कमी करणारे औषध दिले, तेव्हा खोक्याचा ठसा कमजोर झाला आणि रानकोंबडीचा जवळपास तसाच राहिला. उलट टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा संबंध रानकोंबडीच्या पसंतीशी दिसला, खोक्याशी नाही.

याचा अर्थ दोन यंत्रणा आहेत. एक शिकणारी. तिला खोकेही चालते, माणसाचे पायही चालतात. दुसरी आधीपासून असलेली ओढ. मार्क जॉन्सन आणि हॉर्न यांनी १९८८ मध्ये दाखवले, की ही ओढ कोंबडीच्या डोक्या-मानेच्या आकाराकडे असते. भाग उलटसुलट जोडले तरी डोके आणि मान जागेवर असली की पिल्लू तिकडे जाते. आयएमएम काढलेल्या पिल्लांतही ही ओढ टिकते. निसर्गाने पिल्लाला आईचे चित्र दिलेले नाही, फक्त 'या बाजूला बघ' एवढा इशारा दिला आहे. चित्र त्याने स्वतः काढायचे.

जॉन्सन पुढे माणसाच्या तान्ह्या बाळांकडे वळले. जन्मून तासही न झालेली बाळे दोन डोळे आणि तोंड अशा ठेवणीच्या चित्रामागे नजर फिरवतात, हे १९९१ मध्ये त्यांच्या गटाने मांडले. बाळाचे वर्तन कोंबडीच्या पिल्लावरून थेट सिद्ध होत नाही, पण विचारायचा प्रश्न तिथूनच मिळाला.

माझ्या पिल्लांना तर कोंबडी दिसली ती पाचव्या दिवशी. तोवर शिकणाऱ्या यंत्रणेने आपले काम उरकले होते, माझ्या पायांवर. दार मुळात उघडते कशाने आणि मिटलेले दार पुन्हा उघडता येते का, याचे उत्तर २०१२ मध्ये जपानमधून आले. यामागुची, होम्मा आणि सहकाऱ्यांना आढळले, की ठसा घेताना पिल्लाच्या मेंदूत थायरॉइडचे टी-३ हे संप्रेरक वाढते आणि तेच हा काळ सुरू करते. मुदत टळलेल्या पिल्लांना बाहेरून टी-३ दिले तर ती पुन्हा ठसा घेऊ शकली. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या अंगणात तसे औषध कुठून येणार होते? पण दार कायमचे बंद नव्हते, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

अंड्यातला उजेड

मायला मशीनची पिल्ले 'येडी' वाटत. मी ते तिचे जुन्या वळणाचे बोलणे समजत असे. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लेस्ली रॉजर्स यांनी नेचर या नियतकालिकात एक निबंध लिहिला. अंड्यातल्या शेवटच्या दिवसांत पिल्लाचे डोके असे वळलेले असते, की डावा डोळा अंगाला टेकून झाकला जातो आणि उजवा कवचाकडे राहतो. कवचातून उजेड झिरपतो आणि फक्त उजव्या डोळ्याला लागतो. तेवढ्याने मेंदूच्या दोन बाजूंमध्ये कामाची वाटणी होते. पूर्ण अंधारात उबवलेल्या पिल्लांत ही वाटणी नीट होत नाही. शेवटच्या दिवसांत दोन-अडीच तासांचा उजेडही पुरतो.

या वाटणीचा उपयोग काय, ते २००४ मध्ये रॉजर्स आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी दाखवले. खड्यांत मिसळलेले दाणे पिल्लांपुढे टाकले आणि त्याच वेळी वरून शिकारी पक्ष्याची आकृती सरकवली. उजेड मिळालेली पिल्ले एका डोळ्याने दाणा निवडत आणि दुसऱ्याने आकाशावर लक्ष ठेवत. अंधारातल्या पिल्लांचा दोन्हींकडे गोंधळ उडाला.

आता खुडूक कोंबडी आठवा. ती दिवसातून एकदा टोपलीतून उठते, दाणापाणी करते, धुळीत अंग घोळते आणि परत येते. तेवढा वेळ अंड्यांवर उजेड पडतो. मशीन म्हणजे बंद पेटी. ती कोणाला उठून जागा देत नाही. माझी दोन पिल्ले घारीने नेली त्याला हेच कारण होते असे मी म्हणणार नाही. आई नसणे हे कारण त्याहून मोठे. पण मायच्या 'येडी' या शब्दाला आधार होता, एवढे मान्य करायला हवे.

आज खानदेशच्या पश्चिमेला नवापूरभोवती कोंबडीपालनाचा मोठा धंदा आहे. २००६ च्या फेब्रुवारीत देशातली बर्ड फ्लूची पहिली लागण तिथेच नोंदली गेली आणि लाखो पक्षी मारून पुरावे लागले, तेव्हा नवापूरचे नाव देशभर झाले. पुढे धंदा पुन्हा उभा राहिला. त्यातून कुटुंबे जगतात, स्वस्त अंडे गरिबाच्या ताटात येते, आणि ते मला नाकारायचे नाही. पण तिथल्या पिल्लाने डोळा उघडला की समोर असते प्लास्टिकची जाळी, दिवा आणि शेकडो भावंडे. ठसा उमटतो तो भावंडांचाच. ग्लुटामेट सुटते, ग्राहक वाढतात, शाई वाळते. यंत्रणा आपले काम चोख करते, आई असो वा नसो.

हे ज्ञान मिळवताना हजारो पिल्ले प्रयोगशाळेत मारली गेली, हेही इथे लिहून ठेवायला हवे. मी मारलेली आठ त्या हिशेबात कुठे बसत नाहीत. त्यांनी कोणाला काही शिकवले नाही, एक मला सोडून.

माय जाऊन आता बरीच वर्षे झाली. गेल्या पावसाळ्यात माझ्या नातवाने बाजारातून गुलाबी रंग दिलेली दोन पिल्ले आणली. शेजारी कोंबडी खुडूक बसलेली होती. दिवेलागणीला मी त्याला घेऊन गेलो, दिवा मालवायला सांगितला आणि पिल्ले पंखाखाली कशी सरकवायची ते त्याचा हात धरून दाखवले. "उद्या सकाळी टाकली तर?" त्याने विचारले. "नाही भाऊ," मी म्हणालो, "आज रातीच."